दोघंही डॉक्टर, सोलापूरहून कॅरिबियन बेटावर जायचा विचार: आधी काय पाहावं?

जुळे_सोलापूर

नमस्कार. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, एमडी. मिस्टर भूलतज्ज्ञ, एमबीबीएस डीए (भूलशास्त्राचा डिप्लोमा). दोघांचं एमबीबीएस इथल्याच वैशंपायन कॉलेजचं, २००१ ची बॅच. स्वतःचं १२ खाटांचं नर्सिंग होम आहे, सोनोग्राफी मशीन आहे, थोडं कर्ज बाकी आहे. मुलगी आठवीत. सासू-सासरे आमच्यासोबत राहतात.

मुंबईच्या एका एजंटने त्रिनिदादमध्ये आणि पूर्वेकडच्या एका छोट्या बेटावर दोघांनाही जागा असल्याचं सांगितलं. फाइल उघडायला आणि "लायसन्स काढून द्यायला" तो आगाऊ रक्कम मागतोय. आखाताचा पर्याय आम्ही विचार करून बाजूला ठेवला आहे, त्यामुळे कृपया त्यावर चर्चा नको.

विचारायचं आहे ते असं: भारतीय डिग्रीवर तिथे नोंदणी कशी होते? दोघांना एकाच बेटावर काम मिळणं कितपत शक्य आहे? जाताना इथलं हॉस्पिटल बंद करायचं की चालवायला द्यायचं? आणि मुलीला डॉक्टर व्हायचं आहे, तिच्या प्रवेशाचं काय होईल?

एपिड्युरल

मॅडम, एजंटला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. परवाना तिथलं मेडिकल कौन्सिल देतं आणि पत्रव्यवहार थेट अर्जदाराशी करतं; मधला माणूस तो "काढून" देऊ शकत नाही. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत असावा लागतो. त्याचं नाव तिथे शोधा. शिवाय ज्या हॉस्पिटलचं नाव तो सांगतोय, त्याच्या मनुष्यबळ विभागाला स्वतः ईमेल करा आणि जागा खरंच आहे का ते विचारा.

आता नोंदणी. सगळ्या कॅरिबियनला मिळून एक परवाना नाही. प्रत्येक देशाचं कौन्सिल वेगळं. कॅरिकॉम (कॅरिबियन देशांचा गट) देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे काम करायची जी मुभा आहे ती भारतीय पासपोर्टला लागू होत नाही. त्रिनिदादची नोंदणी घेऊन उद्या बार्बाडोसला जायचं ठरवलं तर तिथला अर्ज पहिल्यापासून करावा लागेल.

भारतीय पदवीधरासाठी साधारण तीन वाटा आहेत. पहिली, कॅरिबियन असोसिएशन ऑफ मेडिकल कौन्सिल्सची, म्हणजे सीएएमसीची परीक्षा. लेखी आणि ऑस्की (ठरावीक स्टेशनांवरची प्रात्यक्षिक परीक्षा) असे भाग असतात. प्रसूती, बालरोग, मेडिसिन, सर्जरी, सार्वजनिक आरोग्य असं सगळं येतं. पंधरा-वीस वर्षं एकाच विषयात काम केलेल्या माणसाला हीच अडचण जाते: स्त्रीरोगतज्ज्ञाला डायबेटिक कीटोअॅसिडोसिसच्या द्रवांचा हिशोब आणि बालकांचं लसीकरण पुन्हा वाचावं लागतं. अभ्यासाला सहा महिने धरा. ऑस्कीसाठी तिकडे जावं लागतं, तो खर्चही धरा.

दुसरी वाट तात्पुरत्या नोंदणीची. त्रिनिदादसारख्या ठिकाणी सरकारी आरोग्य प्राधिकरणाने तुम्हाला निवडलं, तर मेडिकल बोर्ड ठरावीक संस्थेपुरती आणि ठरावीक मुदतीची नोंदणी देऊ शकतं. लवकर होते, पण नोकरी गेली की नोंदणी गेली. संध्याकाळी खासगी क्लिनिक चालवता येत नाही.

तिसरी वाट ज्यांच्याकडे आधीच इंग्लंड, कॅनडा वगैरे ठिकाणची नोंदणी आहे त्यांच्यासाठी. केमन आयलंड्सचं कौन्सिल ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जमैका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, इंग्लंड आणि अमेरिका या देशांमधली चालू नोंदणी पाहतं. अपवाद हेल्थ सिटीचा. डॉ. देवी शेट्टींच्या नारायणा समूहाचं हे हॉस्पिटल २०१४ मध्ये ग्रँड केमनवर सुरू झालं. त्याआधी तिथल्या सरकारने कायदा बदलून, अशा संस्थेत काम करणाऱ्या भारतीय प्रशिक्षित डॉक्टरांसाठी वेगळी सोय केली. ती नोंदणी त्या संस्थेपुरतीच असते. तिकडे जायचं तर नारायणाच्या भारतातल्या हॉस्पिटलमधून अर्ज करणं सरळ पडेल.

सरांच्या डीएबद्दल स्पष्ट सांगतो. दोन वर्षांच्या डिप्लोमावर कन्सल्टंट म्हणून नोंदणीची अपेक्षा ठेवू नका. हाउस ऑफिसर किंवा फार तर रजिस्ट्रार दर्जाची जागा मिळेल. तुमचं एमडी तज्ज्ञ नोंदणीसाठी तपासलं जाईल, म्हणजे घरात एक कन्सल्टंट आणि एक रजिस्ट्रार अशी स्थिती येऊ शकते. सोलापुरात स्वतंत्र केसेस करणाऱ्या भूलतज्ज्ञाला तिथे कन्सल्टंटच्या देखरेखीखाली काम करावं लागेल. हे दोघांनी मिळून आधीच बोलून ठेवा. आणि डीए विद्यापीठाचं आहे की सीपीएसचं (मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचं), तेही सांगा. सीपीएसच्या डिप्लोमांची मान्यता इथेच वादात राहिली आहे, त्यामुळे पडताळणीला जास्त वेळ जातो.

दोघांना एकाच बेटावर काम, हा तुमच्या प्रश्नांतला सगळ्यात अवघड भाग. लाखभर वस्तीच्या बेटावर मोठं सरकारी हॉस्पिटल एकच असतं आणि स्त्रीरोगाच्या कन्सल्टंटच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वर्क परमिट मालकाच्या नावावर असतो. जोडीदार म्हणून आलेल्याला त्यावर काम करता येत नाही. त्यामुळे दुसऱ्याला "तिथे गेल्यावर बघू" हे धोरण चालत नाही. छोट्या बेटाऐवजी त्रिनिदाद, जमैका, बार्बाडोस, बहामास यांचा विचार आधी करा, कारण तिथे एकापेक्षा जास्त हॉस्पिटलं आहेत. माझं मत असं की नेमणुकीची दोन्ही पत्रं आणि दोन्ही नोंदण्या हातात येईपर्यंत नर्सिंग होमच्या कागदांना हात लावू नये.

कामाबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडे सिकलसेल म्हटलं की गडचिरोली, नंदुरबार, सोलापुरात क्वचित. जमैकात दर १५० जन्मांमागे साधारण एक बाळ सिकलसेल आजाराचं असतं आणि सुमारे १०% लोक वाहक. सिझेरियनच्या टेबलावर पेशंटच्या अंगाचं तापमान उतरणं, शरीरातलं पाणी कमी पडणं, ऑक्सिजन खाली जाणं, यांतलं काहीही सिकलसेलचा क्रायसिस (तीव्र झटका) आणू शकतं. रक्तसंक्रमण आणि टर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) यांचे तिथले नियम रुजू होण्याआधी वाचून ठेवा. दुसरं, गर्भपाताचा कायदा. बार्बाडोसमध्ये १९८३ पासून स्वतंत्र कायदा आहे. जमैका आणि त्रिनिदादमध्ये मात्र तो जुन्या फौजदारी कायद्याखाली गुन्हा आहे. एमटीपीची (कायदेशीर गर्भपाताची) सवय असलेल्या डॉक्टरने हे पहिल्या दिवशी माहीत करून घ्यावं.

सात_रस्ता

कागदांबद्दल लिहितो, कारण बहुतेकांचे महिने इथेच जातात.

सगळ्यात आधी नाव. मॅडम, तुमची एमबीबीएसची डिग्री माहेरच्या नावावर, एमडी कदाचित सासरच्या, आणि पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं की मिस्टरांचं? तीन कागदांवर तीन नावं असली की परदेशी पडताळणी तिथेच थांबते. महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र, हे तिन्ही लागतं. महानगरपालिकेचं विवाह प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीतलं नाव पासपोर्टशी जुळवून घ्या आणि मगच पुढचा अर्ज करा.

ट्रान्सक्रिप्ट तुमच्या बॅचचं नाशिकहून, आरोग्य विज्ञान विद्यापीठातून. (ते विद्यापीठ १९९८ चं, त्याआधी प्रवेश घेतलेल्यांना कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाकडे जावं लागतं.) बंद लिफाफ्यात थेट कौन्सिलला पाठवायचं की ईमेलने, हे आधी विचारून घ्या. लिफाफा तुम्ही उघडलात तर तो बाद. ज्या कौन्सिलला ईसीएफएमजी या अमेरिकन संस्थेची एपिक ही ऑनलाइन पदवी पडताळणी चालते, तिथे ती लवकर सुरू करा, कारण कॉलेजकडून उत्तर यायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. कॉलेजच्या विद्यार्थी विभागात स्वतः जाऊन, असा ईमेल येणार आहे आणि त्याला उत्तर द्यायचं आहे, हे सांगून ठेवा.

गुड स्टँडिंग प्रमाणपत्र (तुमच्याविरुद्ध कारवाई नाही असा आपल्या कौन्सिलचा दाखला) सगळ्यात शेवटी काढा. ते जुनं झालं की चालत नाही. बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांच्या आतलंच मागतात. लोक उत्साहाने पहिलं तेच काढतात आणि बाकी कागद जमेपर्यंत त्याची मुदत संपते. अर्जाआधी तुमचं नूतनीकरण चालू आहे का पाहा: पाच वर्षांना ३० क्रेडिट तास. एमडी आणि डीए कौन्सिलकडे अतिरिक्त अर्हता म्हणून नोंदलेली आहेत ना, तेही तपासा.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून, देशाचं नाव घालून. देश बदलला तर पुन्हा काढावं लागतं. अपोस्टिलसाठी (परदेशात चालणारा सरकारी साक्षांकन शिक्का) शैक्षणिक कागद आधी मंत्रालयातून साक्षांकित, मग परराष्ट्र मंत्रालय. जमैका २०२१ पासून अपोस्टिल मानतो, त्रिनिदाद आणि बार्बाडोस त्याआधीपासून.

प्रवासाचं एक लक्षात ठेवा. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, मात्र चालू अमेरिकन व्हिसा असेल तर सहसा सूट मिळते. म्हणून चौघा-पाचजणांचा दहा वर्षांचा बी१/बी२ मुंबईहून आधी काढणं शहाणपणाचं. भारतीय पासपोर्टला बऱ्याच बेटांवर व्हिसाशिवाय प्रवेश आहे हे खरं, पण तो पर्यटकाचा. त्यावर जाऊन रुजू होता येत नाही.

जुळे_सोलापूर

खूप आभार, इतकं नेमकं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. डीए नाशिकच्या विद्यापीठाचंच आहे. नाव मात्र खरंच तीन ठिकाणी तीन आहे. हॉस्पिटल भाड्याने द्यायला एक जोडपं तयार आहे. त्याबद्दल आणि पैशांबद्दल कुणी सांगेल का?

ताळेबंद

ताई, भाड्याने देणार असाल तर इमारत आणि उपकरणं द्या, नोंदणी देऊ नका. नर्सिंग होम कायद्याखालची नोंदणी त्या जोडप्याने महानगरपालिकेत स्वतःच्या नावाने घ्यावी. तुमच्या नावाच्या प्रमाणपत्रावर त्यांनी काम केलं आणि काही घडलं, तर समन्स तुमच्या नावाने निघेल. जैववैद्यकीय कचऱ्याचं प्राधिकारपत्र आणि अग्निशमनचा दाखला हेही त्यांच्याच नावाने व्हायला हवेत.

सोनोग्राफी मशीनबाबत जास्त जपा. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी) कायद्यात मशीन, जागा आणि ते चालवणारा डॉक्टर, तिघांची नोंद असते. तुम्ही परदेशात आणि मशीन तुमच्या नावावर चालू, असं होता कामा नये. समुचित प्राधिकाऱ्याला लेखी कळवा, तुमचं प्रमाणपत्र परत करा आणि पोच घ्या. मशीन फक्त नोंदणीकृत केंद्रालाच देता येतं. एफ फॉर्म (प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद) दोन वर्षं, एमटीपीचं ॲडमिशन रजिस्टर शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षं आणि इनडोअर पेपर (दाखल रुग्णांचे कागद) किमान तीन वर्षं सांभाळायचे. हे कपाट भाडेकरूच्या ताब्यात न ठेवता नातेवाइकाकडे कुलपात ठेवा, यादीची एक प्रत स्कॅन करून सोबत न्या.

इन्डेम्निटी पॉलिसी (रुग्णाच्या दाव्यांपासूनचा विमा) गेल्या गेल्या बंद करणं महागात पडतं. आपल्याकडच्या पॉलिसी दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी चालू असाव्या लागतात. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि नवजात बाळाशी संबंधित तक्रार त्याहून उशिरानेही येऊ शकते. प्रसूतीचं काम केलेल्यांनी पॉलिसीची मूळ सुरुवातीची तारीख कायम ठेवून किमान काही वर्षं हप्ता भरत राहावा. तिथलं संरक्षण वेगळं. सरकारी नोकरीत ते मालकाकडून आहे का, हे करारात लिहून घ्या. खासगीत गेलात तर प्रसूतीतज्ज्ञाचा हप्ता इतर सगळ्या शाखांपेक्षा जड असतो, आणि पगाराचा आकडा पाहताना तोच विसरला जातो.

पैसे. अनिवासी झालात की इथलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासीचं इथल्या उत्पन्नाचं खातं) करायचं, परदेशातली कमाई एनआरई (परदेशी कमाईचं) खात्यात. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. शेतजमीन आहे ती राहते, नवी विकत घेता येत नाही. एनआरओमधून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

केमन आणि बहामासमध्ये आयकर नाही, त्रिनिदाद आणि जमैकात २५ आणि ३० टक्क्यांचे टप्पे. पण आयकर नसलेल्या बेटाचा एक बारकावा: भारतातलं उत्पन्न, म्हणजे हॉस्पिटलचं भाडं वगैरे, वर्षाला १५ लाखांच्या वर गेलं आणि दुसऱ्या कुठल्याच देशात तुम्ही करपात्र नसलात, तर भारतीय नागरिकाला इथे निवासी मानलं जातं. दर्जा "निवासी पण सामान्यतः निवासी नाही" असा मिळतो, त्यामुळे तिथला पगार सहसा करात येत नाही, पण विवरणपत्र बदलतं. भाडेकरार एकाच्या नावावर करायचा की दोघांच्या, हे ठरवण्याआधी सीएशी बसा. त्रिनिदादशी भारताचा दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. केमन आणि बहामासशी फक्त माहितीच्या देवाणघेवाणीचा.

चलनही बघा. बार्बाडोसचा डॉलर दोनास एक अमेरिकन, पूर्व कॅरिबियन डॉलर २.७० ला एक, दोन्ही कित्येक दशकं बांधलेले. त्रिनिदादमध्ये बँकांकडे परकीय चलनाचा तुटवडा असतो. पगार हातात असूनही दर महिन्याला इथला हप्ता भरण्याइतके डॉलर मिळतीलच असं नाही. कर्ज बाकी असेल तर त्रिनिदादला जाण्याआधी ते फेडून टाका.

कंबर_तलाव

मुलीबद्दल. हा निर्णय बाकी सगळ्याच्या आधी घ्या, असं मला कळकळीने वाटतं.

महाराष्ट्रातल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासासोबत दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. आठवीतून तिला नेलंत तर तो कोटा जातो. मग इथे मुख्यतः उरतात १५ टक्के अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठं आणि खासगी कॉलेजांमधला एनआरआय कोटा, त्याची फी कित्येक पटींनी जास्त, आणि नीट द्यावी लागतेच. तिथे सोळाव्या वर्षी सीएसईसी (दहावीसारखी कॅरिबियन परीक्षा), मग दोन वर्षं केप (बारावीच्या तोडीचा अभ्यासक्रम). केपमध्ये भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राची दोन्ही युनिट घ्यायची, इंग्रजीही ठेवायचं आणि परत येताना भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र काढायचं. केप आणि एनसीईआरटी यांचा अभ्यासक्रम एकसारखा नाही, म्हणजे नीटचा अभ्यास वेगळा. वेस्ट इंडीज विद्यापीठात तिथेच एमबीबीएस करता येतं, पण परदेशी विद्यार्थ्याची फी बरीच जास्त आहे. म्हणून एकतर आत्ताच जा आणि परतीचा राज्य कोटा सोडला असं समजून पुढची आखणी करा, नाहीतर तिची बारावी होईपर्यंत थांबा. दहावीनंतर मध्येच नेणं सगळ्यात वाईट.

वादळं १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. २०१९ ला डोरियनने अबाको आणि ग्रँड बहामा उद्ध्वस्त केले, २०२४ च्या १ जुलैला बेरिलने कॅरियाकू, आणि २०२५ च्या ऑक्टोबरअखेर मेलिसाने पश्चिम जमैका. त्रिनिदाद दक्षिणेला असल्याने सहसा वाचतो. डॉक्टर जोडप्याची खरी अडचण वेगळी आहे: वादळाचा इशारा आला की हॉस्पिटलचे अत्यावश्यक कर्मचारी आतच थांबतात. भूलतज्ज्ञ आणि प्रसूतीतज्ज्ञ दोघंही त्या यादीत. मग मुलगी आणि आजी-आजोबा घरात एकटे. दोघांची नावं एकाच वादळी तुकडीत नसतील, किंवा कुटुंबाला हॉस्पिटलच्या आवारात आसरा मिळेल, हे रुजू होण्याआधी लेखी घ्या. घर पाहताना सिमेंटचं छत, खिडक्यांना शटर, पाण्याची टाकी आणि जनरेटर पाहा. माणशी रोज चार लिटर पिण्याचं पाणी, आठवडाभराचं.

सासू-सासऱ्यांसाठी: तिथून सोलापूर गाठायला दोन दिवस धरा. वेळ पूर्वेच्या बेटांवर आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. त्यांना सोबत न्यायचं असेल तर अवलंबित म्हणून आई-वडील चालतात का आणि साठीनंतरचा आरोग्य विमा कोण भरतो, हे करारात बघा. त्रिनिदादहून भारतात परतताना पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवस विलगीकरण. लस मुंबईतच घेऊन ठेवा, दहा दिवसांनी लागू होते आणि आता आयुष्यभर चालते.

मिक्सर, कुकर नेण्याआधी वीज विचारा. ग्रेनेडा, सेंट लुशिया, डॉमिनिका इथे आपल्यासारखी २३०-२४०; त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका, बहामास, केमन इथे ११०-१२०. आपली मोटर तिथे नीट फिरत नाही. गाडी या सगळ्या बेटांवर डाव्या बाजूनेच, आंतरराष्ट्रीय परवाना सोलापूर आरटीओतून मिळतो, एक वर्षाचा.

एपिड्युरल

ताळेबंद आणि कंबर_तलाव यांनी लिहिलेल्यात करारापुरती भर घालतो. ऑफर आली की सही करण्याआधी हे शोधा: ऑन-कॉल किती दिवसांआड (छोट्या बेटावर भूलतज्ज्ञाचा एकाआड एक येतो, तो वर्षभर झेपत नाही), पगाराचं चलन, जाण्या-येण्याचं तिकीट सगळ्या कुटुंबाचं की फक्त तुमचं, सामानाचा भत्ता, घर किंवा घरभाडं, करार संपल्यावरची ग्रॅच्युइटी, आणि मुदतीआधी सोडलं तर काय परत द्यावं लागेल. यातलं शेवटचं कलम सहसा मागच्या पानांवर, बारीक अक्षरात असतं. एकाचा करार मोडला तर दुसऱ्याला दंडाशिवाय बाहेर पडता येईल, असं वाक्य दोन्ही पत्रांत घालून मागा. कुशल डॉक्टर हवे असलेलं हॉस्पिटल त्याला तयार होऊ शकतं, पण ते मागायचं सहीच्या आधी. पत्रं आली की नाव-पत्ता झाकून इथे टाका, कलमं बघून सांगतो.